विनिपेगचे बूट, अमळनेरची ओसरी

गेल्या दिवाळी अंकात मी माझ्या बूट-चपलांच्या नऊ जोडांबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००९च्या ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको अमळनेरहून कॅनडातल्या विनिपेगला गेलो. तिथे एका पाळणाघरात मी चौदा हिवाळे काम केलं. २०२३मध्ये सासूबाईंचं दुखणं वाढलं म्हणून कायमचे परत आलो. येताना भांडीकुंडी, फर्निचर सगळं तिथेच वाटून टाकलं, पण पायातले नऊ जोड बरोबर आणले. ते आता ओसरीतल्या लाकडी मांडणीवर ओळीने ठेवले आहेत. डावीकडे जळगावच्या फुले मार्केटातले पांढरे स्पोर्ट शूज, उजव्या टोकाला मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या कातड्याचे, मणीकाम केलेले मोकासिन, म्हणजे मऊ चामडी जोडे. मधल्या सात जोडांत मी तिथे राहायला कशी शिकले ते सगळं आलं, असं मी लिहिलं होतं.

त्यावर बरीच पत्रं आली. काहींना कामाची माहिती हवी होती, एकाने रागही व्यक्त केला. सगळ्यांना एकेकटं लिहिणं जमलं नाही, म्हणून निवडक पत्रांची उत्तरं इथे देते.

माझी मुलगी जानेवारीत शिकायला एडमंटनला चालली आहे. जळगावला एका दुकानात आतून लोकरीसारखं अस्तर असलेले, चेनचे उंच बूट पाहिले. दुकानदार म्हणतो, बर्फात मस्त चालतात. घेऊन टाकू का? शिवाय बॅगेत काय काय भरू?
— एक आई, धरणगाव

ताई, ते बूट घेऊ नका. दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण त्याने बर्फ पाहिलेला नाही.

माझा दुसरा जोड अगदी असाच होता. पहिल्या जोडाला, म्हणजे फुले मार्केटच्या स्पोर्ट शूजना, वरून जाळी होती. पहिल्याच बर्फात ते ओले झाले. मग विनिपेगमध्ये सेल लागलेल्या एका दुकानातून चेनचे, काळे, दिसायला देखणे बूट घेतले. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा होता. सकाळी पावणेसातला अंधार, उणे अठरा तापमान. घरातून बसस्टॉपपर्यंत चालताना बुटांचा टक टक आवाज येत होता, लाकडी खडावा घातल्यासारखा. तो आवाज ऐकूनच मी थांबायला हवं होतं. रस्ता ओलांडून फूटपाथवर पाऊल ठेवलं, पाय पुढे गेला आणि मी मागे पडले. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. नुकतीच लागलेली नोकरी होती, आणि लहान पोरांना उचलायचं कसं या काळजीने रात्र रात्र झोप लागली नाही.

तळव्याचं साधं रबर किंवा प्लास्टिक कडक थंडीत कडक होत जातं. आपल्याकडे मऊ लागणारा तळवा तिथे फळीसारखा होतो आणि फळी बर्फाला धरत नाही. गाडीच्या टायरचंही तेच आहे. म्हणून तिथे हिवाळ्यात मऊ रबराचे वेगळे टायर बसवतात. क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च ते लावणं कायद्याने सक्तीचं आहे. गाडीसाठी जी काळजी घेतात ती पायासाठीही घ्यावी लागते.

म्हणून खरे बूट तिथेच घ्यायचे. निवडताना तिला चार गोष्टी बघायला सांगा. तळव्याचं रबर अंगठ्याने दाबलं तर थोडं दबलं पाहिजे. खालचा भाग, निदान घोट्यापर्यंत, रबराचा आणि बिनशिलाईचा हवा. आतला फेल्टचा, म्हणजे घट्ट दाबलेल्या लोकरी कापडाचा, बूट, ज्याला तिथे लायनर म्हणतात, तो सुटा निघाला पाहिजे. आणि जाड मोजा घालूनही बोटं हलवायला जागा राहिली पाहिजे. बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. मापाचा घोळ होतो तोही सांगून ठेवते. आपल्याकडे बायकांचा ५ नंबर म्हणजे तिथला साधारण ७. ती ५ मागत बसली तर पोरींचे बूट काढून दाखवतील.

टोरांटोच्या एका पुनर्वसन संशोधन संस्थेत बूट तपासण्याची एक खोली आहे. त्या खोलीची जमीन खऱ्या बर्फाची आहे. माणसांना बूट घालून तिच्यावर चालवतात आणि जमीन हळूहळू तिरकी करत जातात. सात अंशांच्या उतारावरही जो बूट घसरत नाही त्याला एक हिमकण मिळतो, त्याहून चांगल्याला दोन, तीन. ती यादी सगळ्यांना बघता येते. मी मनगट मोडून जे शिकले ते तुमच्या मुलीला मोबाइलवर कळेल.

आता बॅगेचं. विमानात आणि पहिले दोन दिवस घालायला जाळी नसलेले, साधे चामड्याचे बूट. घरात आणि न्हाणीघरात वापरायला रबरी स्लिपर नक्की द्या, माझा चौथा जोड तोच आहे. तिला विमानतळावर घ्यायला जे कोणी येणार असेल त्यांना आजच फोन करा आणि एक जोड जुने बूट गाडीत ठेवायला सांगा. लाजू नका. तिथे प्रत्येक घरात कोणाचा तरी जास्तीचा जोड पडलेला असतो, आणि नवीन आलेल्याला तो देण्यात लोकांना आनंद वाटतो.

आणि मोजे लोकरीचेच द्या, ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. आपण कपाशीच्या मुलखातली माणसं. कापसावर आपलं घर चाललं, लग्नं झाली, कापूस म्हणजे चांगलंच असं आपल्या मनात बसलेलं. मी निघाले तेव्हा आईने सुती मोज्यांचे बारा जोड दिले होते. पण सुती मोजा घाम पिऊन ओला राहतो आणि ओला मोजा पायातली ऊब ओढून घेतो. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. आपले ठेलारी आणि धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभे असतात, त्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. थंडीत जळगावला तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडे मोजे मिळतात, पण लेबल वाचून घ्या. मऊ लागणारे सगळे लोकरीचे नसतात, पुष्कळसे ॲक्रिलिकचे असतात.

मी शिरपूरचा, सध्या ब्रॅम्प्टनला गोदामात काम करतो. बुटांवर 'उणे ४०' असं लिहिलेलं होतं, महाग होते तरी घेतले. उणे १५लाच बोटं बधिर होतात. फसवलं गेलोय का?
— एक वाचक

भाऊ, फसवणूक असेलच असं नाही. तो आकडा कंपनी स्वतः ठरवते. सगळ्यांना एकच माप लावलेलं नसतं. शिवाय माणूस चालतोय की उभा आहे, मोजे कोणते, पाय कोरडा आहे का, यावर सगळं ठरतं. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की दोन दोन मोजे घालता, गोदामात आठ तास तेच बूट घालून काम करता आणि मग बसची वाट बघत उभे राहता. तुमचा त्रास त्यातच आहे.

गोदामात काम करताना पाय घामेजतात. तो घाम लायनरमध्ये मुरतो. मग तुम्ही बाहेर वाऱ्यात वीस मिनिटं उभे राहता, चालत नाही, आणि ओला लायनर गार पडतो. वरून दोन मोज्यांनी बूट घट्ट झालेला. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि मोज्याच्या धाग्यांतली हवाही दबून जाते, ऊब तर त्या हवेतच असते. एक जाड मोजा काढून टाका. डबा ठेवता त्या पिशवीत साधे हलके बूट ठेवा आणि कामावर पोचलात की ते घाला. माझा पाचवा जोड असा आतल्या आत वापरायचा आहे. तिथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाचासुद्धा असा वेगळा जोड शाळेत असतो. घरी निघताना पिशवीतला कोरडा मोजा घालून मग बूट घाला.

रात्री घरी गेल्यावर लायनर बाहेर काढून ठेवायचा. हीटरवर नाही, हीटरजवळ. हीटरवर फेल्ट कोरडं पडून कडक होतं आणि चिकटवलेले भाग सुटतात. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे.

हे मला पाळणाघरातल्या मुख्य बाईंनी शिकवलं. आमच्याकडे वीस पोरं होती, म्हणजे चाळीस बूट आणि चाळीस लायनर. सकाळी मैदानात नेण्याआधी प्रत्येकाची तयारी ठरलेल्या क्रमाने व्हायची: आधी जाड पँट, मग बूट, मग जाकीट, टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, कारण हातमोजे आधी घातले तर पोराला स्वतःची चेन लावता येत नाही. सगळी तयार व्हायला अर्धा तास लागायचा. वारा धरून उणे २७च्या खाली गेलं की मात्र आतच. बाहेरून आलं की चाळीसच्या चाळीस लायनर काढून तारेवर उलटे टांगायचे, आणि दुपारी हात आत घालून एकेक तपासायचा. ओला हाताला लागला की त्या पोराला दुसरा द्यायचा. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, एवढा कुटाणा कशाला? एका संध्याकाळी माझ्याकडून एक लायनर तपासायचा राहिला. चार वर्षांचा मुलगा होता. पंधरा मिनिटांत रडत आला. बूट काढला तर अंगठ्याचं टोक पांढरं फटक, मेणासारखं. बाईंनी त्याचा पाय आपल्या पोटाशी धरला, मग कोमट पाण्यात ठेवला. पोर बरं झालं. मला तो अंगठा अजून डोळ्यांसमोर दिसतो.

तुमच्या बोटांचं तसं झालं, म्हणजे पांढरी पडली आणि टोचलेलंही कळेना, तर चोळू नका, शेकू नका. बाळाला आंघोळ घालतो इतकं कोमट पाणी, ३७ ते ३९ अंश, त्यात पाय ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. पाय पुन्हा गारठण्याची शक्यता असेल तर घरी पोचेपर्यंत थांबा. एकदा गरम झालेला पाय पुन्हा गोठला तर नुकसान जास्त होतं.

वय ७१. लेकीच्या बाळंतपणाला जानेवारीत कॅलगरीला जाणं आहे. नऊवारी नेसते. साखरेचा त्रास आहे. टाचेला भेगा. आणि माय, जोडवा काढना पडतीन का वं?
— एक मावशी, चोपडा

मावशी, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि मला माझ्या आईचे पाय आठवले. तीसुद्धा माझ्याकडे विनिपेगला येताना हेच विचारत होती.

हो, बूट घालताना जोडवी काढा. धातू थंड पडतो, आणि बुटात बोटं एकमेकांना चिकटली की जोडवं शेजारच्या बोटाला रुतत राहतं. साखर असणाऱ्याच्या पायाला ते रुतणं कळतही नाही. संध्याकाळी मोजा काढाल तेव्हा जखम दिसेल. विमानातही पाय सुजतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीच काढून घ्या. घरात असताना हवी तर घाला. आईने जोडवी एका चिंधीत बांधून देवाजवळ ठेवली होती आणि सकाळी पूजा झाली की तेवढ्यापुरती बोटात घालायची. तुमच्या मनाला जे पटेल तसं करा, पण बुटात नको.

नऊवारीचं काही अडत नाही. आतून लोकरी पायजमा घाला, लुगडं घोट्याच्या थोडं वर नेसा, म्हणजे काठ ओला होणार नाही. ओला काठ बाहेर गोठून पत्र्यासारखा कडक होतो आणि पोटरीला कापतो. आईने मांडीपर्यंत येणारे मोजे घातले होते आणि वरून माझे तिसऱ्या जोडाचे बूट. ते मी जुन्या सामानाच्या दुकानातून घेतले होते, एक नंबर मोठे. आईला बरोबर बसले.

कॅलगरीचं एक वेगळं आहे, ते लक्षात ठेवा. रॉकी पर्वतावरून तिथे चिनूक नावाचा कोरडा उबदार वारा उतरतो. उणे वीस असलेलं तापमान काही तासांत शून्याच्या वर जातं. लोकांना बरं वाटतं, पण बर्फ वितळून पाणी होतं आणि रात्री त्या पाण्याची काच होते. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्यामानाने कमी घसरतो. शून्याच्या आसपासचा, वरून ओला झालेला बर्फ सगळ्यात वाईट. चिनूक येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर पडू नका. जायचंच असेल तर बुटाखाली ताणून बसवायचे काटे मिळतात, लेकीला आणायला सांगा. घरात किंवा दुकानात पाऊल ठेवण्याआधी ते काढायचे, फरशीवर तेच घसरतात.

चालायचं कसं, ते तुम्हाला येतं. पावसाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन काळ्या मातीच्या चिखलातून आपण कसं चालतो? पाऊल छोटं, अख्खा तळवा एकदम टेकवायचा, अंगाचा भार पुढच्या पायावर, घाई नाही. बर्फावर तसंच चाला. हात मात्र शालीत गुंडाळू नका, मोकळे ठेवा.

भेगांना आतापासून रोज रात्री व्हॅसलीन लावून मोजा घाला. तिथली हवा फार कोरडी, घरात हीटरमुळे आणखी कोरडी. रोज झोपताना पाय हाताने चाचपून बघा, तळवा दिसत नसेल तर आरसा धरा. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका, साखरेमुळे चटका कळत नाही. जाण्याआधी डॉक्टरांना पाय एकदा नीट दाखवून घ्या.

आणि एक सुखाची गोष्ट. तिथेही घरात बूट काढूनच जातात. दाराशी एक उथळ ट्रे असतो, त्यात सगळ्यांचे बूट निथळत असतात. पहिल्या दिवशी शेजारीण आली आणि न सांगता दारात बूट काढून आत आली, तेव्हा आई मला म्हणाली, "आपलीच माणसं दिसतात."

मी आठवीत आहे. रबर नव्हतं तेव्हा एस्किमो लोक पायात काय घालायचे?
— एक विद्यार्थी, चाळीसगाव

छान प्रश्न विचारलास. आधी एक: ते लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, आपणही तसंच म्हणू या.

इनुइट बायका सीलच्या कातड्याचे बूट शिवायच्या, त्याला कामिक म्हणतात. मी ते टोरांटोच्या बाटा शू म्युझियममध्ये बघितले. बाटा म्हणजे तुझ्या शाळेचे बूट बनवणारेच. त्या कुटुंबातल्या सोन्या बाटा यांनी जगभरची पादत्राणं जमवली आणि १९९५मध्ये झाकण थोडं उघडलेल्या बुटाच्या खोक्यासारखी ती इमारत उभी राहिली. तिथे मी काचेला नाक लावून कामिकची शिवण बघत होते. सुई कातड्याच्या आरपार जातच नाही! अर्ध्या जाडीतून फिरवून बाहेर काढतात, म्हणजे भोकच पडत नाही. दोरा जनावराच्या स्नायूतंतूंचा. ओला झाला की फुगतो आणि शिवण आणखी घट्ट बसते. तळव्याचं कडक कातडं बायका दातांनी चावून मऊ करायच्या. आजी-पणजीकडून आलेली ही विद्या होती. ती चुकली तर शिकारीला गेलेल्या माणसाचा पाय जायचा.

उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरच्या कातड्याचे बूट घालायचे आणि आत मोज्याऐवजी वाळलेलं गवत भरायचे. ओलं झालं की काढून वाळवायचं. १९९१मध्ये आल्प्स पर्वतात बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं. त्याच्या बुटांचा तळवा अस्वलाच्या कातड्याचा होता, आणि आत झाडाच्या सालीच्या दोरीचं जाळं करून त्यात गवत भरलेलं होतं. म्हणजे बुटाच्या आत उबेसाठी वेगळा थर पाच हजार वर्षांपूर्वीही होता. आणि आपल्या देशात लडाखला जाशील तेव्हा पाबू बघ, लोकरीचा बूट, खाली चामडं.

माझ्या मांडणीवरचे मोकासिन मला पाळणाघरातल्या एका मैत्रिणीने दिले, ती तिथल्या मूळ रहिवाशांपैकी क्री समाजाची. तिच्या मावशीने शिवलेले. तिने बजावून सांगितलं होतं, हे कोरड्या थंडीतच घालायचे, बर्फ पिठासारखा भुरभुरीत असेल तेव्हा. ओल्यात नाही. पहिल्यांदा घालून चालले तेव्हा बोटांखाली बर्फ दबलेला जाणवत होता, कुर्र कुर्र. चार वर्षं जड बुटांत कोंडलेल्या पायाला बरं वाटलं.

रावेरकडे केळी आणि गहू आहे. लाइट रात्रीची, पाणी भरायला पहाटेपर्यंत उभं राहावं लागतं. गमबूट घालतो तरी पाय बधिर होतात, सकाळी कातडी पांढरी, सुरकुतलेली. तुमचं परदेशातलं शहाणपण इथे चालेल का?
— एक शेतकरी

दादा, चालेल. थंडीने पाय खराब व्हायला बर्फच लागतो असं नाही; थंड पाण्याने तासन्‌तास ओला राहिलेला पाय शून्याच्या वरही खराब होतो. गमबूट बाहेरचं पाणी अडवतो, पण आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून त्यात सुती नाही, लोकरीचा मोजा घाला आणि दोन जोड खिशात ठेवा. दर दोन-तीन तासांनी बांधावर बसून पाय पुसा, मोजा बदला. काढलेला ओला मोजा बंडीच्या आत पोटाशी ठेवा, अंगाच्या उबेने सुकतो. बूट एक नंबर मोठा घ्या. सकाळी घरी आलात की गमबूट उलटे टांगा. पाय दुखून लाल होत असतील, फोड येत असतील तर थांबू नका, डॉक्टरकडे जा.

नऊ जोड! आमचे वडील नांगराला अनवाणी जायचे. परदेशात गेलं की माणसाला पायाचेसुद्धा चोचले सुचतात, असं तुमचा लेख वाचून वाटलं.
— एक निवृत्त शिक्षक, धुळे

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

माझ्या वडिलांकडे आयुष्यभर एका वेळी एकच जोड असायचा. टायरच्या तळव्याच्या वहाणा, बाजारातल्या चांभाराकडून बनवून घेतलेल्या. बोरी नदी ओलांडताना ते त्या हातात घ्यायचे आणि शेताच्या बांधावर काढून ठेवायचे. काळ्या मातीत अनवाणी पाय कुठे टेकवायचा, काटा कुठे, साप कुठे, हे त्यांच्या तळव्याला कळायचं. तसं कळायला त्यांना जन्म तिथे काढावा लागला. मला विनिपेगला कोणी तसं शिकवलेलं नव्हतं. मी एकतीस वर्षांची होते आणि माझ्या पायाला काहीच कळत नव्हतं.

त्या नऊतले दोनच पूर्ण किमतीला नवे घेतलेले आहेत. बाकी सेलमधले, कोणी दिलेले, जुन्या बाजारातले किंवा इथून नेलेले. सहावा जोड रबरी बुटांचा, एप्रिलसाठी, बर्फ वितळून गल्लीत घोटाभर पाणी साचतं तेव्हाचा. सातवा बर्फावर घसरायच्या स्केट्सचा, रेड आणि असिनिबोइन नद्यांच्या संगमावर गोठलेल्या पात्रावर लोक घसरत फिरतात तिथला. पाच वर्षं मी काठावर उभी राहून बघत होते. सहाव्या वर्षी उतरले. ज्या बर्फाने हात मोडला होता त्यावर उभं राहिले तेव्हा मी रडले, सर. आठवा साध्या चामड्याचा, ज्यावर रस्त्यावरच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या आहेत. पाण्यात व्हिनेगर घालून पुसल्या की जातात. एक रेघ मी मुद्दाम ठेवली आहे.

वडील तिथे कधी आले नाहीत. २०१४च्या जानेवारीत फोनवर त्यांनी विचारलं होतं, "पायम्हा काय घालशी, पोरी?" मी फेल्टचे बूट, लायनर, लोकरी मोजे असं सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "रातले सुकाडत जा."

तुमचा तिसरा जोड वाचूनच डोळ्यांसमोर आला. माझा मुलगा येत्या डिसेंबरात विनिपेगलाच नोकरीसाठी जातोय. परिस्थिती बेताची आहे. तो जोड विकत द्याल का?
— एक आई, नंदुरबार

ताई, विकत नाही, असाच देते. फक्त एक सांगते. जुन्या बुटांबद्दल मला इथे आल्यावर नवीन गोष्ट समजली. आठव्या जोडाला पॉलियुरेथेनचा तळवा आहे. वर्षभर न वापरता ठेवला होता. मे महिन्यात उचलून बघितला तर तळवा वाळल्या भाकरीसारखा कुस्करून हातात आला. हे प्लास्टिक हवेतल्या ओलाव्याने आतून सुटत जातं आणि उकाड्यात लवकर सुटतं. चालता-फिरता वापरलेला बूट जास्त टिकतो. त्यामुळे मांडणीवर ठेवलेला बूट देखणा दिसतो म्हणून मुलाच्या पायात घालू नका. तळवा वाकवून, नख रुतवून बघायचा. तिसऱ्या जोडाचं तसं नाही, त्याचा खालचा भाग शुद्ध रबराचा आहे. तुमचं पत्र आल्यावर मी तो खाली काढला, वाकवला, बादलीत तासभर उभा करून ठेवला. आत थेंब आला नाही.

लायनर मात्र जुने झाले आहेत, टाचेपाशी फेल्ट पातळ झालंय. ते नवे त्याला तिथे सुटे मिळतील, पहिल्याच आठवड्यात घ्यायला सांगा. बूट आधी मी घातले, मग आईने. तिथला बायकांचा ८ नंबर आहे, म्हणजे मुलाचा पाय आपल्या ६ नंबरचा किंवा लहान असेल तरच बसेल. संध्याकाळी त्याला जाड लोकरी मोजा घालून कागदावर उभं करा, दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी बुटात घालून बघते.